मक्याला भाव नाही, मग मक्यातला पैदासकार व्हावं का?

तू विचारलंयस ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बी.एस्सी. ॲग्रीचं शेवटचं वर्ष. घर सिल्लोड तालुक्यात, वडिलांचा पाच एकर मका. बियाण्यासोबतच्या पत्रकात एकरी ४० क्विंटल लिहिलं होतं, निघाला २९. व्यापाऱ्याच्या यंत्रानं ओलावा २४ टक्के दाखवला आणि दर लावला १,५००, हमीभाव २,४०० असताना. तुला अनुवंशशास्त्र आणि वनस्पती पैदास या विषयात एम.एस्सी. करायचंय आणि वडील म्हणतात, ‘ज्या पिकाला भाव नाही त्याचं बी तयार करून तू काय कमावणार? त्यापेक्षा एमबीए कर.’ वडिलांचं बरोबर आहे का, एवढंच तुला हवंय.

मी २२ वर्षं मक्याची पैदासकार, म्हणजे संकर आणि निवड करून नवे वाण तयार करणारी, आहे, त्यातली बहुतेक जालना आणि छत्रपती संभाजीनगर भागात. वयानं तू माझ्या मुलाएवढा, म्हणून अरे-तुरे करते.

वडील एका हंगामाचा हिशोब मांडतायत आणि तू तीस वर्षांच्या कामाचं विचारतोयस, म्हणून दोघांचं जुळत नाहीये. मक्याचा भाव सहा महिन्यांत फिरतो. एक वाण उभा करायला सात ते दहा वर्षं जातात. आज मी जो संकर करते, तो शेतकऱ्याच्या हातात पडेल तेव्हा मोंढ्यात काय दर असेल हे कुणीच सांगू शकत नाही. त्यामुळे भाव कसाही असला तरी शेतकऱ्याकडे चार पैसे जास्त उरतील, अशा गुणांच्या मागे आम्ही असतो. ते गुण कोणते, हे तुझ्याच शेतावरून दाखवता येईल. आधी २९ क्विंटलचं बघू, कारण वडिलांचा राग तिथून सुरू होतो.

२४ टक्के ओलाव्याचे २९ क्विंटल म्हणजे खरे २९ नव्हेत. मक्याचं वजन १४ टक्के ओलाव्यावर धरतात. हिशोब सोपा आहे: १०० किलो ओल्या मालात ७६ किलो कोरडा भाग, १४ टक्क्यांच्या मालात ८६ किलो. म्हणून २९ गुणिले ७६ भागिले ८६, साडेपंचवीसच्या थोडं वर. म्हणजे तुमचा खरा उतारा एकरी साडेपंचवीस. पत्रकातल्या ४० शी तुलना याची करायची, आणि फरक तू समजत होतास त्याहून मोठा आहे.

तो फरक गेला कुठे? मका हे मोजायला फार प्रामाणिक पीक आहे. एकरी कणसं किती, एका कणसात दाणे किती, एका दाण्याचं वजन किती, हे तीन आकडे गुणले की उतारा समोर येतो. आपल्या भागातल्या साधारण बऱ्या कणसावर दाण्यांच्या १४ ओळी आणि एका ओळीत ३४ दाणे धरू. ४७६ दाणे झाले. हजार दाण्यांचं वजन २७० ग्रॅम धरलं तर एका कणसाचे १२८ ग्रॅम दाणे. आता साडेपंचवीस क्विंटलला १२८ ग्रॅमनं भाग. उत्तर येतं २० हजाराच्या आसपास.

एकरी आठ किलो बियाणं टाकलं असेल तर त्यात अंदाजे २६ हजार दाणे होते. ७५ बाय २० सेंटिमीटरवर लावलं तर तेवढीच झाडं बसतात. मग सहा हजार कणसं कमी का भरली? काही दाणे उगवलेच नसतील, काही रोपं लष्करी अळीनं पोंग्यात शिरून संपवली असतील, आणि काही झाडं उभी असतील पण कणसाविना. ही तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शेजारच्या झाडापेक्षा चार-पाच दिवस उशिरा उगवलेलं रोप पुढे कधीच बरोबरीला येत नाही. ते सावलीत राहतं, खत खातं, पाणी पितं आणि शेवटी बोटाएवढं कणीस देतं किंवा तेही नाही. म्हणून नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, भरायच्या तर उगवण दिसल्या दिसल्या, आठवडा उलटल्यावर भरलेल्या नांग्यांनी शेत हिरवं दिसतं पण पोतं भरत नाही.

हे शेतात मोजायची एक युक्ती सांगते, वडिलांबरोबर एकदा करून बघ. ओळींतलं अंतर ७५ सेंटिमीटर असेल तर ५.४ मीटर लांबीची एक ओळ म्हणजे एकराचा हजारावा भाग. टेप धर आणि तेवढ्या लांबीत दाणे भरलेली कणसं मोज. २० निघाली तर एकरी २० हजार. अंतर ६० सेंटिमीटर असेल तर ओळ ६.७५ मीटर धर. शेतात दहा ठिकाणी मोजायचं, आणि चांगलं दिसतंय म्हणून एखादी जागा निवडायची नाही. डोळे मिटून ढेकूळ फेक, पडेल तिथून सुरू कर.

यात मक्याच्या पैदाशीचं मर्मही आहे. अमेरिकेत १८६० च्या दशकापासून १९३० च्या दशकापर्यंत मक्याचा सरासरी उतारा जवळजवळ हललाच नाही. एकरी साडेसहा क्विंटलच्या आगेमागे तो सत्तर वर्षं अडकून होता. १९०८ मध्ये जॉर्ज शल यांनी दाखवलं की मक्याच्या झाडाला स्वतःच्याच परागानं पिढ्यानपिढ्या फळवलं तर ते खुरटतं, पण अशा दोन वेगळ्या खुरटलेल्या वंशांचा संकर केला की पहिल्याच पिढीत जोम उसळून येतो. त्यातून संकरित मका आला. आज तिथली सरासरी एकरी ४५ क्विंटल आहे, आपल्या देशाची १४ च्या आसपास. पण हे वाढलं कसं? नव्या वाणाचं एक झाड मोकळ्या जागेत एकटं वाढवलं तर ते जुन्या वाणाच्या झाडापेक्षा फार जास्त दाणे देत नाही. फरक पडतो गर्दीत. जुन्या वाणांची झाडं दाटीत लावली की कणसं धरायचीच नाहीत, लोळायची. पैदासकारांनी पिढ्यानपिढ्या दाटीतच निवड केली आणि गर्दी सोसणारं झाड घडवलं. त्यामुळेच तिथे एकरी ३० हजारांच्या वर झाडं उभी राहतात.

म्हणजे तुझ्या वडिलांनी पिशवीत जे विकत घेतलं त्यात मोठा भाग दाटी सोसण्याच्या ताकदीचा होता आणि शेतात २० हजार कणसांवर ती ताकद वापरलीच गेली नाही. पत्रक अगदीच खोटं नसतं. तो आकडा भारी जमिनीत, वेळेवर पाणी आणि पूर्ण झाडसंख्या असताना येतो. मात्र हलक्या मुरमाड जमिनीत, पावसाच्या भरवशावर, २६ हजार झाडं मी स्वतःही सुचवणार नाही. तिथे २२ हजार पुरे. तुमची जमीन कशी आहे ते तू लिहिलेलं नाहीस, आणि अर्धं उत्तर त्यावर अवलंबून आहे.

आता भाव. १,५०० ची तुलना २,४०० शी करतोयस, पण हमीभाव १४ टक्क्यांच्या मालाचा असतो. ओल्या १,५०० चा कोरडा दर काढायचा तर उलटा हिशोब: १,५०० गुणिले ८६ भागिले ७६, म्हणजे जवळपास १,७००. हमीभावाच्या मानानं तो कमीच आहे, वडिलांची तक्रार रास्तच आहे. पण हा १,७०० चा आकडा लक्षात ठेव. त्याच दिवशी वाळलेला मका १,७०० नं जात असेल तर वाळवण्यात तुमचा काहीच फायदा नव्हता. १,८५० असता तर एकरी चार हजारांच्या आसपास जास्त मिळाले असते, त्यातून वाळवणीची मजुरी वजा. ओला विकावा की वाळवून, याचं कायमचं उत्तर नाही. खळ्याला जागा आहे का, ताडपत्री आहे का, पुढचे आठ दिवस ऊन आहे का, आणि उसनवारी फेडायची तारीख कोणती, यावर ते ठरतं. ढगाळ हवेत ढीग लावून ठेवलेला मका आतून गरम होतो, बुरशी धरतो, आणि मग कोंबडीखाद्यवाला तो घेतच नाही. त्यापेक्षा ओला विकलेला बरा.

भाव असा का कोसळतो? आपल्याकडच्या मक्याचा सगळ्यात मोठा वाटा कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात जातो, उरलेल्यात स्टार्चचे कारखाने आणि अलीकडे इथेनॉल. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारनं बंधन आणलं, तेव्हा इथेनॉल करणाऱ्या आसवन्या (डिस्टिलऱ्या) मक्याकडे वळल्या. मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर होता. एका क्विंटलमधून साधारण ३८ लिटर निघतं, म्हणजे २,७०० च्या वर, शिवाय उरलेल्या चोथ्याचे पैसे वेगळे. साहजिकच त्यांनी चढ्या भावानं मका उचलला. २०२४ मध्ये एरवी मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशानं म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणला. चांगला भाव बघून पुढच्या खरिपात देशभर पेरा वाढला. त्याच काळात अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी २,२५० रुपये क्विंटलनं द्यायचं ठरलं, म्हणजे मक्याच्या वरच्या भावाला टोपण बसलं. आणि इथेनॉलचा तो चोथा, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात, प्रथिनांचा म्हणून खाद्यात सोयाबीन पेंडीच्या जागी जाऊ लागला. तुमच्याकडे सोयाबीनही असेल तर त्याच्या पडलेल्या भावातही याचा वाटा आहे. मी हे सविस्तर सांगते कारण यातल्या एकाही गोष्टीवर बियाण्याचा ताबा नाही. कितीही चांगला वाण दिला तरी धोरण बदलून पडलेला दर मी वर नेऊ शकत नाही. हे दुःख या कामात आहे, ते आधीच सांगितलेलं बरं.

मग पैदासकाराच्या हातात काय राहतं? सप्टेंबरच्या पावसात तुमचा मका २४ टक्क्यांवर का अडकला, ते बघ. वाण शंभर-एकशेपाच दिवसांचा असेल, पक्व होताना पाऊस लागला, कणसावरचं आवरण घट्ट आणि जाड असेल तर आतली वाफ बाहेर पडली नसेल. आता असा वाण विचारात घे जो नव्वदीत पक्व होतो, ज्याचं आवरण टोकापर्यंत झाकतं पण पक्व झाल्यावर सैल पडतं, आणि ज्याचं कणीस पक्व होताना खाली वाकतं म्हणजे पाणी आत न जाता ओघळून जातं. त्याचा उतारा दोन क्विंटलनं कमी असेल, पण माल १८ टक्क्यांवर मोंढ्यात जाईल आणि रब्बीची पेरणी दहा दिवस आधी होईल. शेतकऱ्याच्या हिशोबात तो वाण जिंकतो. चाचणीच्या तक्त्यात मात्र तो खाली दिसतो, आणि त्याला वर उचलून धरणारं कुणीतरी लागतं. ते माणूस म्हणजे पैदासकार.

मी स्वतः हे फार महागात शिकले. कामाच्या सातव्या-आठव्या वर्षी माझा एक संकर तीन हंगाम चाचण्यांत पहिला येत होता. कणीस भरदार, दाणा नारिंगी आणि टणक, जसा कोंबडीखाद्यवाल्यांना हवा असतो. पण कणसाचं टोक आवरणाबाहेर बोटभर उघडं राहायचं. आमच्या चाचण्यांच्या वर्षांत काढणीला पाऊस नव्हता, म्हणून त्या उघड्या टोकाची नोंद मी केली पण किंमत केली नाही. शेतकऱ्यांच्या बांधावर प्रात्यक्षिकाला दिला त्याच वर्षी काढणीच्या वेळी पाच दिवस झड लागली. टोकाला कोंब फुटले, काळी बुरशी आली. एका शेतकऱ्यानं कणीस सोलून माझ्या हातात ठेवलं आणि काही बोलला नाही. वाण मी त्याच आठवड्यात मागे घ्यायला लावला. तेव्हापासून कणसाच्या टोकावर बोट ठेवून बघितल्याशिवाय मी कुठल्याही प्लॉटमधून पुढे जात नाही.

असंच रोजचं काम असतं. बाहेरून बघणाऱ्याला पैदासकार म्हणजे प्रयोगशाळेतला पांढरा कोट वाटतो. प्रयोगशाळा आहेच, आणि तिनं कामाचा वेगही वाढवलाय. पूर्वी शुद्ध लाइन, म्हणजे पिढ्यानपिढ्या गुण न बदलणारा वंश, करायला सहा-सात पिढ्या स्वफलन, म्हणजे झाडाला स्वतःचाच पराग देणं, करावं लागायचं. आता डबल हॅप्लॉइड तंत्रानं दोन-तीन हंगामांत होतं. त्यातली एक पायरी तुला आवडेल. विशिष्ट नर लाइनचा पराग वापरून तयार झालेल्या कणसाचे दाणे टेबलावर पसरतात. बहुतेक दाण्यांच्या डोक्यावर जांभळी टोपी आणि आतल्या अंकुरावरही जांभळी छटा. काही मोजक्या दाण्यांना टोपी जांभळी पण अंकुर पांढराच. तो पांढऱ्या अंकुराचा दाणा एकाच पालकाची गुणसूत्रं घेऊन आलेला असतो. शंभरात पाच-दहाच निघतात. ते चिमट्यानं वेचायचे, रोपं करून गुणसूत्रं दुप्पट करायची, की शुद्ध लाइन हातात. कर्नाटकात कुणिगल इथे सिमिट (मका आणि गव्हावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था) आणि बंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं मिळून अशी सुविधा २०२१ मध्ये सुरू केली, तिथे जमलं तर एकदा जाऊन ये.

पण लाइन लवकर झाली म्हणून चांगली झाली असं होत नाही. या धंद्यातला मोठा वेळ फेकून देण्यात जातो. मी एका वर्षी ४०० नवे संकर लावले तर पुढच्या वर्षी ४० राहतात, त्यापुढे सहा-आठ, आणि बाजारात कधी एक जातो, कधी एकही नाही. निवडताना फसायला होतं, कारण उतारा हा गुण जमिनीबरोबर फार हलतो. तुमच्या शेतात जुन्या उकिरड्याच्या जागेवरचा मका दरवर्षी काळाभोर दिसतो ना? तिथे कुठलंही बी टाक, पहिलं येईल. चारशे प्लॉटमध्ये असे कितीतरी न दिसणारे उकिरडे असतात. या वर्षी पहिला आलेला संकर पुढच्या वर्षी घसरतो, आणि नवखा पैदासकार म्हणतो वाण बिघडला. वाण तोच असतो, त्या वर्षी त्याला जागा चांगली मिळालेली असते. म्हणून एकच संकर आम्ही अनेक गावांत लावतो: दावणगेरे, छिंदवाडा, निजामाबाद, बिहारमध्ये रब्बीला बेगुसराय आणि पूर्णिया. तुझं सांख्यिकी कच्चं असेल तर आत्तापासून पक्कं कर. एम.एस्सी.त सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो आणि मुलं नेमकं तेच टाळतात.

नोकऱ्यांचं आता स्पष्ट सांगते. सरकारी वाट अशी: राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांत राज्याच्या प्रवेश परीक्षेतून, किंवा भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या परीक्षेतून देशात कुठेही एम.एस्सी., मग पीएच.डी., नेट ही पात्रता परीक्षा, आणि कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची परीक्षा. शास्त्रज्ञ म्हणून लागलास तर मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू. पगार आणि स्वातंत्र्य दोन्ही चांगलं, पण जागा थोड्या आणि भरती कधी निघेल याचा नेम नसतो. एवढ्या एकाच दारावर विसंबून आठ वर्षं घालवू नकोस.

खासगी वाट आपल्या दाराशी आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्या एका कंपनीभोवती जालन्यात बियाणं उद्योगच उभा राहिला. त्याशिवाय हैदराबाद आणि बंगळुरू. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, आणि पहिली तीन-चार वर्षं तू पैदासकार नसतोस, चाचण्या लावणारा, नोंदी घेणारा असतोस. तिथे टिकलास आणि नोंदी खऱ्या निघाल्या तर पुढे कार्यक्रम हातात येतो. पैदाशीशिवाय बीजोत्पादन, गुणवत्ता तपासणी, वाणांची बांधावरची प्रात्यक्षिकं, मार्करची (डीएनएवरच्या खुणा तपासणारी) प्रयोगशाळा, आकडेवारीचं विश्लेषण, इथेही हीच पदवी चालते. खरं सांगायचं तर यात पैदासकारापेक्षा जास्त लोक लागतात.

भावाचा परिणाम इथे मात्र होतो, वडिलांचं तेवढं खरं आहे. मक्याला भाव असला की पेरा वाढतो, बियाणं खपतं, कंपन्या माणसं घेतात. भाव पडला की भरती थांबते. मी जिथे आधी होते तिथे एका वर्षी मक्याचा कार्यक्रमच गुंडाळला. सहा वर्षांच्या माझ्या लाइन शीतगृहात राहिल्या, मी बाहेर पडले. दोन महिने झोप नव्हती. पण दुसऱ्या ठिकाणी मला घेतलं ते मका माहीत आहे म्हणून घेतलं नव्हतं. शेतात उभं राहून निवड करता येते म्हणून घेतलं. माझी एम.एस्सी. तर ज्वारीवर होती. निवडीची नजर, प्रयोगाची मांडणी, आकड्यांचा अर्थ, हे पीक बदललं तरी बरोबर येतं. म्हणून एम.एस्सी.ला मकाच मिळावा असा हट्ट धरू नकोस. मक्यावर काम करायचं असेल तर राहुरी विद्यापीठाचं कोल्हापूरचं केंद्र जुनं आहे, तिथल्या आफ्रिकन टॉल या चाऱ्याच्या मक्याचं नाव तुझ्या घरीही माहीत असेल. पण पिकापेक्षा मार्गदर्शक बघ. जो प्राध्यापक स्वतः सकाळी सात वाजता प्लॉटवर असतो त्याच्याकडे जा, मग पीक तूर असो की करडई.

एमबीए की एम.एस्सी. हे घरच्या परिस्थितीवर आहे आणि ते मी ठरवू शकत नाही. डोक्यावर कर्ज असेल आणि वर्षभरात घरात पगार यायलाच हवा असेल, तर बी.एस्सी.वर एखाद्या बियाणं कंपनीत चाचणी किंवा बीजोत्पादनाचं काम धर. दोन वर्षांत दोन गोष्टी कळतील: हे ऊन तुला सोसतं का, आणि तुझा जीव यात रमतो का. मग एम.एस्सी.ला बसलास तर वर्गातल्या बाकीच्यांपेक्षा दोन पावलं पुढे असशील. घरची निकड नसेल तर सरळ एम.एस्सी. कर. तुला विकायला आवडतं, माणसांत रमतोस, शेतात एकटं मोजत बसणं जिवावर येतं, असं असेल तर एमबीए करायला काहीच हरकत नाही, बियाणं उद्योगाला तेही लागतात. पण केवळ या वर्षीच्या १,५०० च्या दरामुळे एमबीएला जाऊ नकोस.

जीव रमतो का, हे बघायला नोकरीची वाट बघायची गरज नाही. रब्बीत दोन गुंठे मका लाव, पण संकरित नको, खुल्या परागीकरणाचा वाण घे, कारण संकरिताची झाडं जवळपास एकसारखी असतात आणि ओळींत फरक दिसणार नाही. त्यातल्या दहा झाडांवर स्वफलन कर. मला हे आमच्या प्लॉटवरच्या मावश्यांनी शिकवलं. वीस-वीस वर्षं पाकिटं चढवणाऱ्या बायका आहेत त्या, पानाच्या बगलेत हात घालून कणीस उद्या केस काढेल की परवा, हे त्या चाचपून सांगतात. तुला ते यायला वेळ लागेल, म्हणून रोज सकाळी बघायचं. पानाच्या बगलेतून कणसाचं टोक बाहेर आलं पण केस दिसत नाहीत, अशा वेळी त्यावर बटर पेपरचं छोटं पाकीट घाल. एक जरी केस बाहेर आला असेल तर ते झाड सोड, कारण त्यावर कुठला तरी पराग पडून गेलाय. पाकिटात केस बोटभर दिसले की संध्याकाळी त्याच झाडाच्या तुऱ्यावर खाकी कागदी पिशवी घालून तळाशी घट्ट टाचणी लाव. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या मध्ये, दव सुकल्यावर आणि ऊन तापायच्या आत, तुरा वाकवून पिशवी झटक. तळाशी हळदीसारखी पिवळी पूड जमेल. पाकीट काढून ती केसांवर ओत, लगेच खाकी पिशवी कणसावर चढव, तारीख लिही. हात दोन झाडांमध्ये पुसत जा. अभ्यासासाठी असं करायला २००१ च्या वाण संरक्षण कायद्याची आडकाठी नाही.

दहातली चार-पाच कणसं अर्धवट भरतील, पहिल्यांदा सगळ्यांचंच तसं होतं. प्रत्येक केस एका दाण्याचा असतो, ज्या केसाला पराग मिळाला नाही तो दाणा रिकामा. कणसं वेगवेगळी वाळव, प्रत्येकाचे दाणे वेगळ्या पाकिटात ठेव, वर झाडाचा क्रमांक टाक. येत्या खरिपात प्रत्येक पाकिटाची एक ओळ लाव आणि मधोमध त्याच वाणाच्या मूळ बियाण्याची एक ओळ. मग ५.४ मीटरची टेप, उंचीची काठी आणि वही घेऊन प्रत्येक ओळ मोज: कोणती खुरटली, कोणती जवळजवळ मूळ वाणाएवढी राहिली, कुणाचं कणीस वाकलं, कुणाचं टोक उघडं राहिलं. मोजताना वडिलांना बरोबर घे आणि क्रमांक न सांगता विचार, यातल्या कोणत्या दोन ओळी ठेवाव्यात. त्यांनी निवडलेल्या आणि तू निवडलेल्या ओळी वहीत शेजारी-शेजारी लिहून मला पाठव, आपण त्यावर बोलू.